मंत्रालयाची आग आणि आपल्या ऑफिसचा जिना

२१ जून २०१२, गुरुवार. दुपारी अडीच-पावणेतीनचा सुमार. मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि बघता बघता पाचव्या, सहाव्या मजल्यावर पोचली. सहाव्या मजल्यावर मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री बसायचे. राज्याचा कारभार जिथून चालतो ती इमारत सगळा महाराष्ट्र टीव्हीवर जळताना बघत होता. माणसं खिडक्यांच्या छज्ज्यांवर उभी होती, काही जण पाइपला धरून उतरत होती.

पाच माणसं गेली.

त्यानंतर आठवडाभर राज्यात चर्चा कशाची झाली? फायलींची. ‘आदर्श’ची फाइल जळाली का, आग लागली की लावली, कोणाच्या फायद्याची होती. चहाच्या टपरीपासून विधानभवनापर्यंत हाच विषय. तो प्रश्न विचारायला हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात दुसरा एक प्रश्न मागे पडला, आणि तो आजतागायत मागेच आहे. आग लागली चौथ्या मजल्यावर. मग माणसं सहाव्या मजल्यावर का मेली?

आग कोणी लावली हा पोलिसांचा प्रश्न. ती दोन मजले वर कशी गेली आणि माणसांना खाली का येता आलं नाही, हा इमारतीचा प्रश्न. आणि इमारतीचा प्रश्न म्हटला की तो तुमच्या-माझ्या ऑफिसपर्यंत येतो. म्हणून आजची पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

कायदा होता, इमारतही होती

आधी तारखा बघा, कारण सगळी गंमत तारखांमध्ये आहे.

मंत्रालयाची मुख्य इमारत १९५५ची. तेव्हा तिला सचिवालय म्हणत. देशात इमारतींसाठीची पहिली राष्ट्रीय संहिता, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोड, आली १९७० मध्ये. तिच्यात आगीचा एक स्वतंत्र भाग आहे. नंतर १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. म्हणजे मंत्रालय बांधलं तेव्हा जिना किती रुंद हवा, दार कुठे उघडायला हवं, पाण्याची टाकी केवढी हवी हे देशपातळीवर सांगणारं पुस्तकच नव्हतं. त्यात बांधणाऱ्यांचा दोष नाही.

आता पुढची तारीख. महाराष्ट्राने आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा केला, तो २००६चा. अंमलात आला ६ डिसेंबर २००८ रोजी. हा कायदा चांगला आहे, खरंच. त्यात जबाबदारी सरळ मालकावर आणि भोगवटादारावर टाकलेली आहे. ‘आमची इमारत जुनी आहे हो’ म्हणून सुटका नाही. यंत्रणा बसवायची, आणि ती कायम चालू स्थितीत ठेवायची. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून ती चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन दलाकडे द्यायचं. यालाच सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात.

म्हणजे मंत्रालयाला आग लागली तेव्हा हा कायदा अंमलात येऊन साडेतीन वर्षं झाली होती. ज्या सरकारने कायदा केला, त्याच सरकारची ती मुख्य इमारत. मालकही तेच, भोगवटादारही तेच आणि नियम करणारेही तेच.

तरी आग पसरली. कारण १९५५ची इमारत २०१२ मध्ये १९५५ची राहिली नव्हती. मूळ इमारत आरसीसीची, उंच छताची, मोकळ्या व्हरांड्यांची. नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत तिच्या पोटात काय काय भरलं गेलं! लाकडी पार्टिशन, त्यावर सनमायका, वर फॉल्स सीलिंग, सीलिंगच्या आत वायरींचं जंगल, एसीचे डक्ट, आणि खाली कागद, कागद, कागद. सिमेंटचा सांगाडा तसाच, पण आतून लाकडाचं आणि कागदाचं गोदाम. फॉल्स सीलिंगच्या वरची ती दीड-दोन फुटांची पोकळी म्हणजे आगीला मोकळा रस्ता. खाली बसलेल्या माणसाला दिसतही नाही, आणि आग त्याच्या डोक्यावरून पुढच्या खोलीत गेलेली असते.

जुन्या ऑफिस इमारतीचा खरा धोका हाच आहे. ती एका दिवसात धोकादायक होत नाही. दर दिवाळीला थोडं रंगकाम, दर नव्या साहेबाला नवी केबिन, दर दोन वर्षांनी नवे एसी. नकाशावरची इमारत एक आणि प्रत्यक्षातली दुसरी.

जगाने हे कसं शिकलं

आपल्याकडेच असं होतं असं नाही. उंच ऑफिस इमारतींच्या आगीचा जगाचा इतिहास वाचला तर तो सगळा जुन्या इमारतींचाच इतिहास आहे.

ब्राझीलमधलं साओ पाउलो शहर. २४ फेब्रुवारी १९७२ला तिथल्या आंद्राउस नावाच्या इमारतीला आग लागली. १६ जण गेले, पण गच्चीवर हेलिपॅड होता आणि हेलिकॉप्टरने शेकडो माणसांना उचललं. शहराने काय धडा घेतला? आग लागली की गच्चीवर जायचं. दोन वर्षांनी, १ फेब्रुवारी १९७४ला, त्याच शहरातली जोएल्मा ही २५ मजली ऑफिस इमारत पेटली. सुरुवात बाराव्या मजल्यावरच्या एका एसीपासून. इमारतीला जिना एकच, स्प्रिंकलर नाहीत. बरीच माणसं गच्चीकडे धावली. पण या गच्चीवर हेलिपॅड नव्हता, आणि धूर आणि उष्णता इतकी की हेलिकॉप्टर उतरूच शकेना. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. एका इमारतीत जे वाचवतं ते शेजारच्या इमारतीत मारू शकतं. म्हणून प्रत्येक इमारत स्वतंत्रपणे तपासावी लागते. शेजारच्या सोसायटीचा अहवाल कॉपी-पेस्ट करून चालत नाही. (करतात, हे सगळ्यांना माहीत आहे.)

लॉस एंजेलिस, ४ मे १९८८. फर्स्ट इंटरस्टेट बँकेची ६२ मजली इमारत. जुनी इमारत म्हणून तिच्यात स्प्रिंकलर बसवण्याचं काम चालू होतं, जवळजवळ ९० टक्के झालं होतं. पण अलार्मचं काम बाकी होतं म्हणून पाण्याचे व्हॉल्व्ह बंद ठेवले होते. रात्री बाराव्या मजल्यावर आग लागली. पाइप होते, नोझल होते, पाणी नव्हतं. पाच मजले जळाले. देखभाल विभागाचा एक कर्मचारी काय झालंय ते बघायला लिफ्टने गेला, लिफ्ट थेट आगीच्या मजल्यावर उघडली आणि तो गेला. ९० टक्के काम झालेली यंत्रणा त्या रात्री शून्य टक्के उपयोगी ठरली.

तिसरी गोष्ट सगळ्यात शिकण्यासारखी. फिलाडेल्फिया, २३ फेब्रुवारी १९९१, शनिवारची रात्र. वन मेरिडियन प्लाझा, ३८ मजली ऑफिस इमारत, शहराच्या सिटी हॉलच्या अगदी समोर. बाविसाव्या मजल्यावर लाकडी पॅनेलिंगचं पॉलिश चालू होतं. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या कामगार तिथेच टाकून गेले. असल्या चिंध्या आपोआप तापतात आणि पेटतात, काडी लावायची गरज नसते.

आता पुढे काय काय बिघडलं ते मोजा. मुख्य वीज आणि पर्यायी वीज, दोन्हीच्या केबल एकाच डक्टमधून वर गेल्या होत्या. त्या डक्टलाच आग लागली, दोन्ही गेल्या. जनरेटर चालला नाही. लिफ्ट बंद, दिवे बंद. अग्निशमन दलाचे लोक अंधारात, सामान खांद्यावर घेऊन वीस-बावीस मजले चढले. होज लावला, तर पाण्याला दाबच नाही. कारण प्रत्येक मजल्यावरचे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे सेट केलेले होते. व्हॉल्व्ह चकाचक, नवेकोरे, पण पाणी खिडकीबाहेर जाईल इतकाही जोर नाही. तीन जवान धुरात रस्ता चुकून गेले. शेवटी इमारत कोसळेल या भीतीने सगळ्यांना बाहेर बोलावलं. आग एकोणीस तासांच्या आसपास जळत राहिली. एकामागून एक आठ मजले खाल्ले.

आणि मग तिसाव्या मजल्यावर थांबली. का? तिसाव्या मजल्यावरच्या भाडेकरूने आपल्या जागेत स्प्रिंकलर बसवून घेतले होते. दहा. फक्त दहा स्प्रिंकलर उघडले आणि जी आग शेकडो माणसांना आवरली नाही ती तिथे थांबली.

ही गोष्ट ज्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘एवढा खर्च कशाला’ असं कोणी म्हणेल तिथे सांगा. सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुटून ऑफिस भिजत नाही. प्रत्येकात एक काचेची छोटी नळी असते. नेहमीच्या लाल नळीचा नमुना ६८ अंश सेल्सियसला फुटतो. ज्याच्या खाली आग तोच उघडतो.

लॉस एंजेलिसने आणि फिलाडेल्फियाने आपापल्या आगीनंतर जुन्या उंच इमारतींनाही स्प्रिंकलर सक्तीचे केले. म्हणजे श्रीमंत देशांनीही आधी इमारत जळू दिली आणि मग नियम केला. फरक एवढाच की नियम केल्यावर तो पाळून घेतला.

आणि आपण कसं शिकलो (किंवा नाही)

२०१०चं वर्ष घ्या. २३ फेब्रुवारी, बेंगळुरू. योगायोग बघा, फिलाडेल्फियाचीच तारीख. जुन्या विमानतळ रस्त्यावरची कार्लटन टॉवर्स ही ऑफिस इमारत. आग विजेच्या डक्टमध्ये. ज्वाला फारशा नव्हत्याच, धूर मात्र डक्टमधून मजल्या-मजल्यावर गेला. लोकांनी गुदमरून काचा फोडल्या, काहींनी उड्या मारल्या. ९ जण गेले.

बरोबर एक महिन्याने, २३ मार्च, कोलकाता. पार्क स्ट्रीटवरचं स्टीफन कोर्ट, ब्रिटिश काळातली देखणी इमारत. वरचे मजले नंतर चढवलेले. ४३ जण गेले. अनेक मृतदेह सापडले ते गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात. गच्चीच्या दाराला कुलूप होतं.

एक कुलूप. त्याची किल्ली कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये असेल.

८ मार्च २०२१, पुन्हा कोलकाता. स्ट्रँड रोडवरची रेल्वेची न्यू कोयलाघाट इमारत, तेराव्या मजल्यावर आग. ९ जण गेले, त्यात अग्निशमन दलाचे चार जवान. आगीत लिफ्ट वापरायची नाही हे प्रत्येक लिफ्टशेजारी लिहिलेलं असतं. तरी लिफ्टने वर जाणं झालं, आणि लिफ्टमध्येच मृतदेह सापडले. ज्यांचं कामच आग विझवणं आहे, त्यांच्याकडूनही हे होऊ शकतं. मग चौथ्या मजल्यावरच्या अकाउंट्स खात्यातल्या माणसाकडून घाईच्या वेळी काय अपेक्षा ठेवायची? म्हणून ड्रिल घ्यायची असते. पाटी वाचून काही होत नाही, पायांना सवय लागते तेव्हा होतं.

मुंबईत या. १८ जुलै २०१४, अंधेरी. लोटस बिझनेस पार्क, वीसहून जास्त मजल्यांची काचेची इमारत. आग वरच्या मजल्यांवर. शिडी पोचत नाही, काचेची भिंत उघडत नाही, धूर बाहेर पडत नाही. गच्चीवर अडकलेल्या जवानांसाठी नौदलाचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. एक जवान गेला. ९ मे २०१५, काळबादेवी. जुनी इमारत, आत दुकानं, घरं, सगळं मिसळलेलं. इमारत कोसळली आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी आपण गमावले.

आणि २२ जुलै २०१९. वांद्र्याची एमटीएनएलची नऊ मजली इमारत. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आग, माणसं वर अडकली आणि गच्चीवर गेली. गच्ची उघडी होती. रस्त्यावर शिडीची गाडी उभी करायला जागा मिळाली. ८४ जणांना एकेक करून खाली उतरवलं. एकही मृत्यू नाही.

स्टीफन कोर्ट आणि एमटीएनएल शेजारी-शेजारी ठेवून बघा. ४३ आणि शून्य. या फरकात नशिबाचा भाग असेलच, आगही सारखी नसते. पण उघडं दार आणि बंद दार हा फरक नशिबाचा नाही.

मग जुन्या इमारतीची तपासणी म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ‘फायर ऑडिट’ म्हटलं की डोळ्यासमोर लाल बाटले येतात. बाटल्यांवरची तारीख बघितली, नवे स्टिकर लावले, झालं ऑडिट. वरच्या सगळ्या आगी पुन्हा वाचा. एकही आग लाल बाटला नव्हता म्हणून मोठी झालेली नाही. खरी तपासणी म्हणजे या जुन्या आगींची यादी हातात घेऊन इमारत चालणं. साधारण असं:

१) नकाशा आणि वस्तुस्थिती. मंजूर नकाशा काढायचा आणि मजला-मजला जुळवायचा. कुठे भिंत पाडली, कुठे पॅसेज केबिनमध्ये गेला, पार्किंगमध्ये रेकॉर्ड रूम कधी झाली. कोडमध्ये ऑफिससाठी एका माणसामागे १० चौरस मीटर धरलेले असतात. म्हणजे ५०० चौरस मीटरच्या मजल्यावर ५० माणसं. आज त्याच मजल्यावर टेबलाला टेबल लावून शंभर जण बसत असतील, तर जिना मात्र पन्नास जणांसाठीचाच आहे.

२) बाहेर पडायची वाट. सगळ्यात आधी हे, बाकी नंतर. कोड सांगतो की ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाला साधारण ३० मीटरच्या आत जिना मिळाला पाहिजे. दोन जिने असतील तर दोन्ही उघडे हवेत. ‘दुसरा जिना सिक्युरिटीसाठी बंद ठेवलाय’ हे वाक्य ऐकलं की समजा, इमारतीला जिना एकच आहे. जिन्याचं दार आगीत टिकणारं आणि आपोआप मिटणारं हवं. प्रत्यक्षात ते दार उघडं राहावं म्हणून त्याला अडकवलेलं काय असतं? अग्निशामकाचा लाल बाटला! हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

३) भोकं. ऐकायला विचित्र वाटतं, पण कार्लटन टॉवर्सची माणसं यानेच मारली. विजेच्या, इंटरनेटच्या, एसीच्या केबल मजल्यातून वर जातात तिथली भोकं आग न जाऊ देणाऱ्या मालाने बंद केलेली हवीत. प्रत्येक नवा केबलवाला एक भोक पाडतो, बंद कोणी करत नाही. डक्टचं दार उघडून टॉर्च मारा. खालच्या मजल्याचा उजेड दिसला तर धूरही तिथूनच येणार.

४) पाणी. टाकी आहे का, हा अर्धा प्रश्न. टाकीत पाणी आहे का, पंप ‘ऑटो’वर आहे का, वीज गेली तर डिझेल पंप सुरू होतो का, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर होज लावून व्हॉल्व्ह उघडला तर दाब येतो का, हा खरा प्रश्न. कोडप्रमाणे वर किमान साडेतीन किलोचा दाब हवा. खाली पंपरूममधला काटा बघून वरचा दाब कळत नाही, हे फिलाडेल्फियाने तीन माणसं गमावून शिकवलं. बऱ्याच ठिकाणी पंप ‘मॅन्युअल’वर असतो, कारण ऑटोवर ठेवला की गळतीमुळे सारखा चालू होतो. म्हणजे गळती काढायची सोडून पंप बंद केला.

५) वीज. मूळ इमारत पंख्यांसाठी आणि ट्यूबलाइटसाठी वायरिंग केलेली. आज प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर, प्रत्येक केबिनमध्ये एसी, खाली सर्व्हर, वर यूपीएसच्या बॅटऱ्या. मंजूर लोड किती आणि प्रत्यक्ष किती? पॅनेलरूममध्ये झाडू, जुने बॅनर आणि थर्माकोल ठेवलेलं असतं का?

६) अलार्म आणि माणसं. स्मोक डिटेक्टरवर रंगकामाच्या वेळचं प्लॅस्टिक अजून आहे का? पॅनेलचा भोंगा ‘उगाच वाजतो’ म्हणून बंद केलाय का? आणि रात्रीच्या वॉचमनला काय करायचं हे माहीत आहे का? उंच इमारतीत आग बऱ्याचदा रात्री किंवा सुट्टीला लागते. तेव्हा इमारतीत मॅनेजर नसतो, तोच एकटा असतो.

या सहापैकी पाच गोष्टींना फार पैसे लागत नाहीत. कुलूप काढायला, दारापुढचं कपाट हलवायला, भोकं बुजवायला, पंप ऑटोवर टाकायला, ड्रिल घ्यायला करोडो लागत नाहीत.

‘जुन्या इमारतीत शक्यच नाही हो’

हे म्हणणारे सगळे कामचुकार नाहीत. त्यांची अडचण खरी आहे. फोर्टमधल्या किंवा पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या जुन्या इमारतीत दुसरा जिना आणायचा कुठून? चारी बाजूंनी भिंतीला भिंत. जमिनीखाली टाकी खणायची तर पाया हलेल. पागडीचे भाडेकरू, गाळेधारकांची सोसायटी, मालक कोर्टात, आणि खर्च कोणी करायचा यावर दहा वर्षं भांडण. बंब आत येईल एवढी गल्लीही रुंद नसते.

पण म्हणूनच तपासणी प्रामाणिक हवी. प्रामाणिक तपासणी असं सांगते: दुसरा जिना शक्य नाही, मग आहे तो जिना धुरापासून शंभर टक्के वाचवा, माणसांची संख्या कमी करा, तळघरातलं गोदाम हलवा, स्प्रिंकलर लावा, अलार्म लवकर वाजेल असं करा. एक गोष्ट जमत नसेल तर तिची भरपाई कशाने करायची हे ठरवणं, यालाच तपासणी म्हणतात. आणि भरपाई होत नसेल तर तेही स्पष्ट लिहिणं: या मजल्यावर माणसं बसवू नका.

अप्रामाणिक तपासणी काय करते? ‘सर्व यंत्रणा कार्यान्वित’ असं लिहून मोकळी होते.

इथे आपल्या कायद्यातली एक गाठ आहे, ती नीट समजून घ्या. फॉर्म बी देणाऱ्या एजन्सीला परवाना देतं शासन, पण पैसे देतो इमारतीचा मालक. एजन्सीने ‘तुमचा पंप चालत नाही’ असं लिहून दिलं तर पुढच्या जानेवारीत मालक दुसरी एजन्सी शोधणार. स्वस्त आणि समजूतदार. सगळ्याच एजन्सी अशा नाहीत, चांगलं काम करणारेही आहेत, पण त्यांना धंदा मिळणं अवघड होईल अशी ही रचना आहे. अग्निशमन दल नोटीस देऊ शकतं, वीज-पाणी तोडण्यापर्यंत जाऊ शकतं, पण शहरातल्या इमारती मोजा आणि तपासायला येऊ शकतील असे अधिकारी मोजा. उत्तर तुम्हालाच मिळेल.

मग उरतं कोण? त्या इमारतीत रोज आठ-दहा तास बसणारा माणूस. जिना कोणता बंद आहे हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. पण फॉर्म बी त्याला कोणी दाखवत नाही.

म्हणून एक साधी मागणी. जानेवारीचा आणि जुलैचा फॉर्म बी इमारतीच्या दारात, लिफ्टशेजारी लावा. एजन्सीचं नाव, परवाना क्रमांक, तारीख, आणि काय बिघडलेलं होतं तेही. हॉटेलात परवाने भिंतीवर असतात, लिफ्टमध्ये तपासणीची तारीख असते, मग हे का नाही? आणि सुरुवात सरकारी इमारतींपासून करा. जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका, पंचायत समिती, तहसील. मंत्रालय जळालं त्या राज्यात सरकारने आधी स्वतःचा कागद भिंतीवर लावावा, मग गाळेधारकाला नोटीस पाठवावी.

दरवर्षी १४ एप्रिलपासून आपण अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. आठवडाभर बिल्ले लावले जातात, बंबांची प्रदर्शनं भरतात, भाषणं होतात. सगळं योग्यच. पण जवानांचं खरं स्मरण करायचं असेल तर त्यांना अंधारात, बिनपाण्याच्या पाइपापाशी, कुलूपबंद जिन्यात पाठवू नका.

उद्या ऑफिसला गेलात की एक काम करा. संध्याकाळी निघताना लिफ्ट सोडा, जिन्याने उतरा. शक्य असेल तर रोज वापरत नाही त्या जिन्याने. वाटेत काय काय ठेवलंय, दिवे लागतात का, दारं उघडतात का, खाली बाहेर पडता येतं का की साखळी आहे, बघा. एकदा वर गच्चीच्या दारापर्यंतही जाऊन या. मग ऑफिसच्या ॲडमिनला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींना शांतपणे विचारा: साहेब, जुलैचा फॉर्म बी बघायला मिळेल का?

काय उत्तर मिळतं ते कमेंटमध्ये लिहा. इमारतीचं नाव नको, गाव आणि उत्तर पुरे. आपल्या भागातली चाळीस-पन्नास उत्तरं जमली तर ती घेऊन अग्निशमन अधिकाऱ्यांना भेटता येईल. आग लागल्यावर जमणारी गर्दी खूप बघितली, एकदा आग लागायच्या आधी जमून बघू.